जेनचं फ्रेंच

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. जुलैचा पाऊस, वर्गाच्या दाराशी छत्र्यांचं साचलेलं पाणी आणि पंख्याखाली वाळत बसलेलो आम्ही पंधराएक जण. बाईंनी त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. पर्समधून एक कॅसेट काढली, टेपमध्ये घातली आणि म्हणाल्या, "अर्थ लागला नाही तरी चालेल. हिचं फ्रेंच कसं आहे तेवढं सांगा."

आवाज बारीक होता. भरदार तर नाहीच, तो गळ्यातून येतोय असंही वाटेना. कुणी कानाशी तोंड आणून हळू बोलावं तसा. वरच्या सुरापाशी गेला की आता चिरतोय की काय अशी धाकधूक व्हायची आणि तो तिथेच, तसाच कापत, टिकून राहायचा. मागच्या बाकावरच्या एकाने धीर करून सांगितलं, "बाई, उच्चार चुकतायत तिचे." बाई एकदम खूश झाल्या. "चुकतायतच. इंग्रज आहे ती. पंचवीस वर्षं झाली पॅरिसात राहून, अजून पुल्लिंगी-स्त्रीलिंगीचा घोळ घालते. आणि तिकडे तिच्यावर जीव टाकतात लोक."

मला त्या क्षणी आमची धारवाडची मामी आठवली. मामी लग्न होऊन सांगलीला आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. वर्षभरात ती मराठीत भांडायला लागली, पण लिंगं तिला शेवटपर्यंत वश झाली नाहीत. "तो वाटी दे इकडे." "दूध उतू गेला." मामा अधूनमधून सुधारायला जायचा, तर आजी त्यालाच दटवायची, "राहू दे की रे, कळतंय सगळं." वर्गात बसून, समजत नसलेल्या गाण्यात मला मामी ऐकू येत होती. गाणारीचं नाव बाईंनी फळ्यावर लिहिलं, जेन बर्किन. तेव्हापासून ही बाई माझ्या सोबतीला आहे.

आज बर्किन म्हटलं की पुढे तिच्या नावाची ती महागडी हँडबॅगच येते, ते मी समजू शकते. पण मला सांगायचंय ते तिच्या आवाजाबद्दल. या मुलीचं पोट भरलं ते दिसण्यावर, आणि बोलायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जेनचा जन्म लंडनचा, १४ डिसेंबर १९४६ चा. आई जूडी कॅम्पबेल रंगभूमीवरची नावाजलेली नटी; १९४० साली, लंडनवर बॉम्ब पडू लागले त्या वर्षी, तिने रंगमंचावर म्हटलेलं बर्कली स्क्वेअरमधल्या नाइटिंगेलचं गाणं इंग्रजांच्या पिढ्यांनी गुणगुणलं. वडील डेव्हिड बर्किन नौदलात. युद्धात ते काळोख्या रात्री बोट घेऊन फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्याला जायचे, हेरांना सोडायला आणि अडकलेल्या वैमानिकांना आणायला. आई देखणी, वडील शूर, आणि जेन शिडशिडीत, लाजाळू. बोर्डिंगात मुली तिला अर्धी मुलगी, अर्धा मुलगा म्हणून चिडवायच्या, हे तिने पुढे अनेकदा सांगितलंय. हे चिडवणं लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

सतराव्या वर्षी, १९६४ मध्ये, तिला पहिली मोठी भूमिका मिळाली ती ग्रॅहम ग्रीनच्या नाटकात. भूमिका होती मुक्या-बहिऱ्या मुलीची. रंगभूमीवर पदार्पण आणि तोंडी एक वाक्य नाही! पुढच्या वर्षी एका संगीत नाटकात काम मिळालं. त्याचा संगीतकार जॉन बॅरी, म्हणजे जेम्स बाँडच्या चित्रपटांचं संगीत करणारा, तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा. त्याच्याशी तिने लग्नही केलं. १९६६ मध्ये इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये ती फॅशन फोटोग्राफरच्या स्टुडिओत शिरलेल्या दोन पोरींपैकी एक होती. चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, जेनच्या त्या छोट्या प्रसंगावर भरपूर चर्चा झाली, पण पात्राला नावही नव्हतं. नुसतीच 'सोनेरी केसांची'. एप्रिल १९६७ मध्ये मुलगी झाली, केट. लग्न फार टिकलं नाही. विशीतली जेन तान्ह्या पोरीला घेऊन आईवडिलांकडे परत आली.

आणि मग 'वंडरवॉल'. या चित्रपटापाशी मी नेहमी रेंगाळते, कारण त्याचा एक धागा थेट मुंबईच्या फोर्टात येतो.

गोष्ट अशी: एका एकलकोंड्या शास्त्रज्ञाला घराच्या भिंतीत भोक सापडतं आणि त्यातून शेजारच्या घरातली मॉडेल दिसते. तो बघत राहतो. भोकं वाढत जातात. ती मॉडेल म्हणजे जेन. ती कपडे बदलते, पोझ देते, रडते, आणि बोलत जवळजवळ नाहीच. संपूर्ण चित्रपटभर तिच्याकडे भिंतीपलीकडून पाहिलं जातं. संगीत जॉर्ज हॅरिसनचं. बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम. हॅरिसन स्टॉपवॉच घेऊन चित्रपट बघायचा, कुठे किती सेकंद संगीत हवं ते टिपायचा, आणि तेवढ्या सेकंदांचे तुकडे बांधून घ्यायचा. त्यातले बरेच तुकडे बांधले गेले जानेवारी १९६८ मध्ये, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. मुंबईत तेव्हा मोनो यंत्रच होतं, म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून रेल्वेने स्टिरिओ यंत्र आणलं. स्टुडिओला आवाज अडवणाऱ्या भिंती धड नव्हत्या. नीट कान दिला तर टॅक्सी गेलेली ऐकू येते, असं हॅरिसन सांगायचा. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावर पावलांचा एवढा गलका व्हायचा की ध्वनिमुद्रण थांबवावं लागायचं.

वाजवणाऱ्यांत शिवकुमार शर्मांचं संतूर होतं, एस. आर. केंकरे यांची बासरी होती, चंद्रशेखर नारिंग्रेकरांचा सुरबहार होता. मी काही वर्षं त्याच भागात नोकरी करत होते. साडेपाचच्या त्या जिन्यांचा, चर्चगेटची गाडी धरायला धावणाऱ्या चपलांचा आवाज मला पाठ आहे. लंडनच्या चित्रपटात एक मुलगी मुकाट वावरतेय आणि तिच्या न बोलण्याचे सेकंद फोर्टात बसून आपली माणसं बासरी-संतुराने भरतायत, हे चित्र मनातून जात नाही. चित्रपट मे १९६८ मध्ये कानला दाखवला गेला आणि तो महोत्सव फ्रान्समधल्या त्या वर्षीच्या विद्यार्थी-कामगारांच्या आंदोलनात मध्येच बंद पडला.

त्याच सुमारास जेन पॅरिसला एका भूमिकेच्या चाचणीला गेली. फ्रेंच धड येत नव्हतं. समोरचा नट होता सर्ज गेन्सबूर, तिच्याहून १८ वर्षांनी मोठा, गीतकार, संगीतकार, तोंडाचा तिखट. त्याने तिला सुरुवातीला हिंग लावून विचारलं नाही. चाचणी देताना ती आपल्या मोडलेल्या संसाराच्या आठवणीने खरीखुरी रडली, आणि काम तिला मिळालं. 'स्लोगान' या चित्रपटाने फ्रान्सला एक नटी दिली आणि जेनला पुढच्या बारा वर्षांचा माणूस.

त्या वादग्रस्त गाण्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी थोडक्यात उरकते. 'ज तेम... म्वा नों प्ल्यू' गेन्सबूरने आधी ब्रिजित बार्दोबरोबर म्हटलं होतं. तिने विनंती केल्यामुळे ते बाहेर आलं नाही. मग त्याने जेनला विचारलं. दुसऱ्या कुठल्या देखण्या बाईने त्याच्याबरोबर त्या बंद खोलीत उभं राहू नये म्हणून मी हो म्हटलं, असं ती मोकळेपणी सांगायची. त्याने तिला एक सप्तक वर गायला लावलं, चर्चमधल्या मुलांच्या आवाजासारखं. १९६९ मध्ये रेकॉर्ड निघाली, बीबीसीने बंदी घातली, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने निषेध केला, रेकॉर्ड कंपनीने घाबरून हात काढून घेतला, आणि ऑक्टोबरात तेच गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. परभाषेतलं गाणं तिथे पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ. आईवडिलांना ऐकवताना जेन म्हणे त्यातल्या प्रणयाच्या श्वासांपाशी सुई उचलून पुढे ठेवायची. गाण्यात शब्द आहेत, चांगले आहेत. जगाने ऐकला तो तिचा श्वास.

सत्तरच्या दशकात ती फ्रान्समध्ये घराघरात पोचली. पिएर रिशारबरोबरचे विनोदी चित्रपट, अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथेवरचा एक इंग्रजी चित्रपट, मासिकांची मुखपृष्ठं. पांढरा शर्ट, जीन्स, आणि हातात सगळीकडे वेताची एक टोपली, आपण मंडईत नेतो तशी. ती टोपली गेल्यावर विमानात शेजारी बसलेल्या, एर्मेस या महागड्या चामडी वस्तूंच्या कंपनीच्या प्रमुखाशी बोलता बोलता त्या बॅगेचा आराखडा निघाला आणि १९८४ मध्ये बॅग आली. जेनने स्वतःच्या बॅगेला स्टिकर चिकटवले होते, आत नखं कापायचं यंत्र दोरीने बांधून ठेवलं होतं. १९९४ मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी तिने ती लिलावाला देऊन टाकली. तीच पहिली बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. बॅगेचं एवढं पुरे.

मला त्यापेक्षा एक माकड महत्त्वाचं वाटतं. लहानपणापासून जेनकडे एक कापडी माकड होतं, मंकी. ती रोजनिशी लिहायची ती त्याला उद्देशून, आपण "प्रिय ताई" लिहावं तशी. बोर्डिंग, लग्न, हॉटेलं, इस्पितळं, सगळीकडे ते बरोबर. १९७१ मध्ये गेन्सबूरचा 'मेलोडी नेल्सन'चा अल्बम आला. मुखपृष्ठावर निळ्या पार्श्वभूमीवर जेन उभी आहे, लाल केसांचा टोप घातलेली, अंगावर जीन्स, आणि दोन्ही हातांनी ते माकड पोटाशी घट्ट धरलंय. गेन्सबूरपासून झालेल्या मुलीच्या, शार्लोटच्या वेळी दिवस गेले होते. जीन्सचं बटण लागत नव्हतं, ते माकडाने झाकलं. चित्र बघताना मला ते माकड आणि त्यामागचं पोट दिसतं. गाण्यांतली मेलोडी चौदा-पंधरा वर्षांची पोर आहे आणि तिच्या मागे लागलेला पुरुष पोक्त. संगीत अप्रतिम असूनही मला ते आज निवांतपणे ऐकवत नाही. जेन त्यात आहे ती पुन्हा कुणाच्या तरी स्वप्नातली मुलगी म्हणूनच; दोन-चार शब्द आणि हसणं एवढंच तिच्या वाट्याला.

१९८० मध्ये ती गेन्सबूरला सोडून गेली. त्याचं पिणं, रात्र रात्र बाहेर असणं सोसून झालं होतं. चित्रपट दिग्दर्शक जाक द्वायोंबरोबर राहू लागली, १९८२ मध्ये त्यांना मुलगी झाली, लू. द्वायोंने तिला पहिल्यांदा असं काम दिलं ज्यात चेहऱ्यापेक्षा आतली पडझड महत्त्वाची होती. १९८५ मध्ये तर दिग्दर्शक पात्रीस शेरोने तिला मारिव्होच्या नाटकात घेतलं. अठराव्या शतकातलं घोटीव फ्रेंच आणि ते बोलणारी जेन! पुल्लिंगी ल आणि स्त्रीलिंगी ला चुकणाऱ्या बाईच्या हाती त्याने हे दिलं, हे धाडस मला थोर वाटतं.

पण सगळ्यांत विलक्षण घडलं ते गाण्यात. सोडून गेलेल्या बाईसाठी गेन्सबूर गाणी लिहीतच राहिला. १९८३ चा तिचा 'बेबी अलोन इन बाबिलोन' ऐका. सोडून गेलेली ती, मागे राहिलेला तो, आणि मागे राहिलेल्याचं दुःख तो तिच्या तोंडी घालतो. बाईंनी वर्गात लावलेलं गाणं त्यातलंच, सुख पळून जाईल या भीतीने आधी आपणच सुखापासून पळावं असं सांगणारं. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे ज्ञानोबांनी विरहिणी होऊन विराण्या लिहिल्या, शाहिरांनी लावणीतल्या बाईच्या तोंडून स्वतःची तगमग बोलून घेतली. फरक एवढाच, की इथे गाणारी आणि दुःख देणारी बाई एकच. रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडे तो बसलेला, अलीकडे ती त्याची जखम गातेय. त्या अल्बममधला तिचा आवाज पूर्वीपेक्षा वेगळा आहे. तीच बारीक पट्टी, पण आता त्यात जबाबदारी आलीय. शब्द दुसऱ्याचे आहेत आणि ते कुठून आलेत हे तिला नेमकं माहीत आहे.

मग १९८७, पॅरिसचं बाताक्लां नाट्यगृह. इतक्या रेकॉर्ड निघून गेल्या होत्या, पण जेनने प्रेक्षकांसमोर पूर्ण मैफल कधी केली नव्हती. वय ४०. त्याआधी तिने जाऊन केस मुलासारखे कापून टाकले, ढगळ पुरुषी कपडे घातले. लोकांनी बघू नये, शब्द ऐकावेत, म्हणून. बोर्डिंगातलं ते "अर्धा मुलगा" चिडवणं तिने स्वतःच्या हाताने घेतलं आणि अंगावर चढवलं. आयुष्यभर ज्या दिसण्यावर पोट भरलं ते बाजूला ठेवून निव्वळ त्या चिरणाऱ्या आवाजाच्या भरवशावर उभं राहायचं, त्याला काय छाती लागली असेल!

२ मार्च १९९१ ला गेन्सबूर गेला. त्यानंतर काही दिवसांतच तिचे वडीलही गेले. गेन्सबूरच्या शवपेटीत जेनने मंकी ठेवलं. चाळीस वर्षं सोबत केलेलं, सगळी रोजनिशी ज्याला सांगितली ते माकड तिने त्याच्या उशाशी देऊन टाकलं.

यानंतरची जेन मला जास्त आवडते, आणि तिच्याबद्दल कमी लिहिलं गेलंय. तिने अल्जेरियन व्हायोलिनवादक जामेल बेनयेलेसला बरोबर घेऊन गेन्सबूरची गाणी अरबी सुरावटीत बांधून जगभर नेली. २०११ च्या त्सुनामीनंतर लोक जपान सोडत असताना ती टोकियोला जाऊन गायली. आणि २००८ मध्ये, साठी उलटल्यावर, पहिल्यांदा असा अल्बम आला ज्यातले शब्द तिचे स्वतःचे होते. आईवडील, भावंडं, समुद्रकाठच्या सुट्ट्या, लहानपणीची थंडी. पदार्पणात एक वाक्य न मिळालेल्या मुलीला आपली वाक्यं लिहायला ४४ वर्षं लागली. ती तिने फ्रेंचमध्ये लिहिली, त्या न दुरुस्त झालेल्या फ्रेंचमध्ये.

डिसेंबर २०१३ मध्ये केट गेली. ती छायाचित्रकार होती. पॅरिसमधल्या तिच्या घराच्या खिडकीतून ती खाली पडली. अकराव्या वर्षापासून चालू असलेली जेनची रोजनिशी तिथे थांबली. तिने पुढे त्या वह्या छापल्या तेव्हाही केटच्या मृत्यूपाशीच त्या संपवल्या.

सात वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरात, फ्रेंच गायक एतियेन दाओच्या मदतीने तिचा शेवटचा अल्बम आला. त्यात 'सिगारेट' नावाचं गाणं आहे, केटवरचं. चाल जत्रेतल्या पाळण्यासारखी, गिरकी घेणारी, जवळजवळ आनंदी. आणि त्यावर आई सांगतेय, की माझी मुलगी जमिनीवर सापडली. आडपडदा नाही, उपमा नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते. गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले. रानड्यातल्या त्या वर्गानंतर इतक्या वर्षांत माझं फ्रेंच बरंचसं गंजलंय, पण त्या गाण्यातला एकही शब्द मला अडला नाही.

१६ जुलै २०२३ ला जेन पॅरिसमध्ये गेली. सां-रॉश चर्चबाहेर लोक पडद्यावर अंत्यविधी बघत उभे होते. तिला मोंपार्नासच्या दफनभूमीत केटशेजारी ठेवलं.

मामा गेला तेव्हा आम्ही सगळे सांगलीला जमलो होतो. तेराव्यापर्यंत माणसं येत होती, आणि प्रत्येकाला मामी शेवटच्या रात्रीची हकिकत पहिल्यापासून सांगायची. ऑक्सिजनचं नळकांडं, रिक्षा मिळेना ते, मामाने मागितलेलं पाणी. सुधारणारा तिचा माणूस आता नव्हता. आम्ही भाचरं भिंतीला टेकून ऐकत होतो. कुणी तरी विचारलं, फार त्रास झाला का हो त्यांना? मामीने पदराने तोंड पुसलं.

"त्यांना नाही," ती म्हणाली. "पण तो रात्र लई मोठा होता."